यादीतली वरची ओळ

औलू,
सोमवार, १९ मे, सकाळी साडेनऊ

स्वस्ति श्री. ध्रुववृत्त-सान्निध्य-शोभित औलू-नगर-निवासी, भूमापन-अभिलेखागार-धुरंधर, जीर्ण-नकाशा-प्रतिपालक, सीमावाद-निवारण-निष्णात, शाई-डाग-विभूषित-बाहु, त्रिवार-पदोन्नती-वंचित श्रीमान ताइस्तो रांतानेन यांजकडून,

त्रोन्हाइम-नगर-विराजित, सकल-संगणक-विद्या-पारंगत, अल्पाक्षर-संदेश-सम्राज्ञी, पितृ-दूरध्वनी-अवरोधिनी चिरंजीव साइमी हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. तुझा अकरा मेचा संदेश पोचला. 'बाबा, आईच्या नावाने मला लिहू नका. हे नीच आहे.' एकूण नऊ शब्द. अभिलेखपालाला मोजण्याची खोड असते. त्यानंतर तू माझा क्रमांक बंद केलास, म्हणून हे टपाल. पोस्टमनला अवरोधित करण्याची सोय नॉर्वेने अजून केली नसावी, या आशेवर लिहितो आहे.

ती ओळ मी लिहिलेली नाही. ती तुझ्या आईने लिहिली. स्वतःच्या बोटांनी, दुपारी पावणेबारा वाजता, माझ्यादेखत.

वस्तुतः पत्र इथेच संपायला हवे. परंतु हे एक वाक्य खरे ठरावे म्हणून त्याच्या आधीची पुष्कळ वाक्ये सांगावी लागतात, आणि त्यांतली काही मला सोयीची नाहीत.

आधी क्षेमकुशल. नदीवरचा बर्फ यंदा वेळेवर फुटला. इमारतीच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, आपली पाळी शनिवारी सहाची होती ती साडेसातची झाली. मी लेखी हरकत नोंदवली आहे. आईची प्रकृती शरीरापुरती उत्तम. जेवते व्यवस्थित. राय-पिठाच्या पोळीत भरलेला भात आधी खाते आणि कडा माझ्या ताटात ठेवते, जशी चौतीस वर्षे ठेवत आली आहे. डॉक्टर याला सवय म्हणतात. मी दुसरे काही म्हणतो, पण ते त्यांच्या नमुन्यात लिहायला रकाना नाही.

आता मूळ विषय. आईचे यंत्र.

तू घर सोडलेस त्या हिवाळ्यात तिने आपल्या संगणकाची लिनक्स प्रणाली स्वतः रचायला घेतली, हे तुला ठाऊक आहे. पण त्या वेळी तू इथे नव्हतीस, म्हणून मी साक्ष देतो. तयार काही घ्यायचे नाही, प्रत्येक भाग मूळ मजकुरापासून आपल्या हाताने घडवायचा. एकेक भाग घडताना यंत्र दोन-दोन दिवस घोंघावत असे आणि ती शेजारी बसून मोजे विणत असे. "तयार मिळतं की गं फुकट," असे मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, "दफ्तरदारा, तुझी झोपडी तू का बांधलीस स्वतः? लाकूडवाल्याकडे तयार होती." झोपडी गळते, हे मी निदर्शनास आणून दिले. "माझी गळणार नाही," ती म्हणाली, आणि गळली नाही. तेरा वर्षे. नाव तिने ठेवले 'ओमा', म्हणजे आपली, स्वतःची. गर्वाला याहून कमी अक्षरे लागत नाहीत.

त्या ओमाच्या काळ्या पडद्यावर दर रविवारी बाराच्या सुमारास तुम्ही दोघी लिहून बोलत होता. आजार सुरू झाल्यावर तिला फोनवरचा आवाज भिववू लागला. कोण कुठून बोलते आहे ते तिला उमगत नसे, रिसीव्हर ती उशीखाली ठेवून देई. लिहिलेले मात्र उमगे. ती प्रथम लिहायची, 'कॉफी घेतलीस का?' मग तू काहीतरी लिहायचीस आणि ती हसायची. मी कॉफी आणि दालचिनीचा पाव टेबलावर ठेवून मागे उभा राहत असे. तुमच्या संगणकी बोलीतल्या तेहतीस शब्दांतले चार मला कळत. मागून वाचू नको, असे तिने कधी म्हटले नाही. तसे म्हणण्याची तिला कधी गरजही पडली नाही.

मार्च अखेरीस तिने एका सकाळी चुकीची आज्ञा देऊन पाककृतींचा सगळा संग्रह पुसला. नंतर दोन तास ती पडद्यासमोर बसून रडली. का रडते आहे ते तिला सांगता येईना, पण रडणे थांबेना. स्मृतिचिकित्सालयाच्या पत्रकात लिहिले होते की रुग्णास मोठ्या चित्रांची, सोपी प्रणाली द्यावी. मी ते पत्रक तीनदा वाचले. शासकीय पत्रकांविषयी माझी श्रद्धा तुला ठाऊक आहे.

बुधवार, दोन एप्रिल. आई दिवसकेंद्रात. मी वाचनालयातून आणलेल्या यूएसबी काडीवरून सोपी प्रणाली ओमाच्या शेजारी, डिस्कच्या मोकळ्या भागात बसवली. माझा हेतू ओमा पुसण्याचा नव्हता. हे वाक्य कृपया अधोरेखित समज. दोन्ही नांदतील, यंत्र सुरू होताना यादी येईल, तीत दोन ओळी असतील, ज्याला जी हवी ती त्याने निवडावी, अशी माझी सांविधानिक कल्पना होती. शेवटी यंत्राने काहीतरी विचारले आणि मी 'पुढे' दाबले. सत्तावीस वर्षे कागदपत्रे तपासणारा मनुष्य, साइमी, न वाचता 'पुढे' दाबतो.

यंत्र चालू होताना कुणाला आत घ्यायचे ते ठरवणारा जो बूटलोडर, त्याला मी द्वारपाल म्हणतो. आईचा द्वारपाल तिने स्वतः नेमलेला होता. तो आधी परवलीचा शब्द विचारी, मग कुलूप काढी, मग ओमाला हाक मारी. माझ्या 'पुढे'ने त्याची बदली झाली. नव्या द्वारपालाने त्याच्याच खुर्चीवर बैठक मारली, डिस्कभर नजर फिरवली आणि पडद्यावर लिहिले की इतर कोणतीही प्रणाली आढळली नाही. ओमा तिथेच होती. पण ती कुलुपात होती, आणि कुलपाच्या आत काही आहे हे बाहेरच्याला दिसत नाही.

यादीत एकच ओळ होती. सोपी.

आई परतली, बसली. पडद्यावर सूर्यफूल, पाकीट, घड्याळ. तिने दोन्ही हात कळफलकावर ठेवले आणि काही घडेना. मग मांडीवर ठेवले. "हे कुणाचं आहे?" तिने विचारले. तुझे, मी म्हणालो. तिने सभ्यपणे मान हलवली. दुसऱ्याच्या घरी नको असलेला पदार्थ वाढला की हलवते तशी.

नऊ एप्रिलला मी वाल्तोला फोन केला. आईबरोबर कारखान्यात फोनच्या पोटातल्या आज्ञावल्या लिहिणारा वाल्तो, आता मधमाश्या पाळतो. त्याने सगळे ऐकले आणि तो म्हणाला, "काही गेलेलं नाही. यादी दिसली की 'सी' दाब, कोरी ओळ येईल, तिथे चार आज्ञा हाताने द्यायच्या. पण कुलपाचा शब्द लागेल. तो तुला माहीत नाही."

मला माहीत नाही.

"साइमीला माहीत आहे. विचार तिला. पाच मिनिटांचं काम आहे."

हो, मी म्हणालो. वाल्तोने 'मधाची बरणी ठेवतो' असे काही सांगितले. फोन ठेवला.

आता ते वाक्य येते, साइमी, जे टाळण्यासाठी मी सौना, बर्फ आणि द्वारपाल इतके फिरून आलो. मी तुला विचारले नाही. लाज वाटली, हे खरे. नाताळात तू म्हणाली होतीस, "आईच्या यंत्राला हात लावू नका, बाबा, तेवढं एकच तिचं उरलंय," आणि मी तोंडभर आश्वासन दिले होते. पण नुसत्या लाजेने मनुष्य आठ दिवस गप्प राहतो. मी पाच रविवार गप्प राहिलो.

सहा एप्रिलच्या रविवारी बारा वाजता ती नेहमीप्रमाणे येऊन बसली. सूर्यफुलाकडे पाहिले. मग खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "कॉफी घेतलीस का?"

मी घेतली. बसलो. ती बोलत राहिली. कारखान्यातल्या एका साहेबाविषयी, ज्याची टोपी तिने आणि वाल्तोने खिडकीबाहेर लटकवली होती. आम्ही दोघांनी लग्नाआधी कुठल्याशा बेटावर बोट चुकवली त्याविषयी. बेट चुकीचे सांगितले. मी दुरुस्त केले नाही. अभिलेखपालाने चुकीची नोंद तशीच जाऊ दिली. दीड तास. साइमी, त्या दिवसांत ती माझे नाव तीन वेळांपैकी दोनदा विसरत होती. तुझे कधी विसरली नाही. आणि अकस्मात तुझा दीड तास माझ्या पुढ्यात आला, गरम, पावासहित. पुढच्या रविवारी पुन्हा आला. मी तुझा रविवार घेतला. मागितला नाही, घेतला.

आणि तू तिकडे लिहीत होतीस. ते मला ठाऊक होते. चार मेला तू मला विचारलेस, 'आई उत्तर देत नाही. ती मला विसरली का?' आणि मी अगदी कार्यालयीन धीरगंभीरतेने तुला लिहिले, 'आजाराचा क्रम असाच असतो.' यात असत्य एक अक्षर नाही. याहून मोठे असत्य मी आयुष्यात लिहिलेले नाही. तू उत्तर पाठवलेस की मग मध्यग्रीष्माच्या सणाला येणार नाही, न ओळखणाऱ्या माणसाला पाहुण्यांचा त्रास नको. त्या दिवशी मी तुझ्या खोलीचे पडदे धुऊन वाळत घातले होते. ते मी काढून घडी केले.

अकरा मे, मातृदिन. इमारतीसमोर झेंडा चढवला, तो या वर्षी माझाच मान होता. आईला अंथरुणात कॉफी आणि एक गुलाब. वाल्तो मध घेऊन आला. विचारले, झाले का ते काम? मी नाही म्हणालो. साइमीला विचारले का? नाही म्हणालो. त्याने बरणी टेबलावर ठेवली. बराच वेळ माझ्याकडे पाहिले. आपल्याकडे यालाच रागावणे म्हणतात.

मग तुझ्या आईकडे बोट करून म्हणाला, "मार्युतला बसव."

तिला सूर्यफूलही चालवता येत नाही रे, मी म्हणालो.

"सूर्यफूल तिचं कधी होतं? बसव म्हणतो ना. डोकं गेलं असेल, बोटं कुठे जातायत?"

त्याने यंत्र चालू केले. यादी आली, एका ओळीची. त्याने 'सी' दाबले. काळा पडदा, कोपऱ्यात एक लुकलुकती रेघ. आई कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभी होती. तिने पडद्याकडे पाहिले. कप खाली ठेवला, बशीवर, बरोबर मध्यभागी. आली, बसली, बाह्या मागे सारल्या. बाह्या मागे सारणे मी सहा आठवड्यांत पाहिले नव्हते.

तिने पहिली ओळ लिहिली. पडद्याने शब्द मागितला. तिने तो दिला, न थांबता, आम्हांला न दिसणाऱ्या अक्षरांत. कुलूप निघाले. दुसरी ओळ, तिसरी, त्यात एक लांबलचक आकडा, जो वाल्तोने कागदावर टिपला तरी त्याला दोनदा ताडून पाहावा लागला. चौथी. वाल्तो माझ्या शेजारी उभा होता. तो रडत होता, आणि त्याचे नाक पुसण्याचे काम मधाच्या फडक्याने चालले होते.

ओमा उघडली. आणि मधल्या सर्व्हरवर साठून राहिलेले तुझे पाच रविवार एकामागून एक पडद्यावर उतरले.

तिने ते वाचले. सगळे. बोट ओळीखाली धरून. 'आई, आहेस का?' 'आई, आज बर्फ पडला इकडे, एप्रिलात.' 'आई, मी काही चुकीचं बोलले का?' वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे वळली, आणि मला म्हणाली,

"अहो, ऐकता का? ह्या मुलीची आई उत्तरच देत नाहीये हो. बिचारी किती दिवस लिहितेय. कुणीतरी द्यायला हवं ना उत्तर."

मी म्हणालो, तुम्ही द्या.

तिने थोडा विचार केला. मग लिहिले, 'कॉफी घेतलीस का?' आणि पाठवले. मग मला हळूच सांगितले, "आमच्या दफ्तरदाराला बोलू नका हं. तो म्हणेल, दुसऱ्यांची पत्रं वाचतेस."

ही ती ओळ, जिला तू नीच म्हणालीस. मी तुला दोष देत नाही. मी पाच आठवडे जे लपवले त्यानंतर माझ्या घरातून आलेले कोणतेही अक्षर खोटे मानण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

तुला न आवडणारा एक प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो, म्हणून तुलाही सांगतो. दोन एप्रिलला ती तुझे नाव ओळखत होती. अकरा मेला नाही. मधल्या पाच रविवारी तू तिच्याशी बोलत राहिली असतीस, तर? डॉक्टर म्हणतात, काही फरक पडला नसता. डॉक्टर दयाळू आहेत आणि चाळिशीच्या आतले आहेत.

वाल्तोने त्या दिवशी द्वारपाल पुन्हा शिस्तीत आणला. आता यादीत दोन ओळी आहेत. वर ओमा, खाली सोपी. सामान्यतः असा द्वारपाल पाच सेकंद थांबतो आणि कुणी काही सांगितले नाही तर आपल्या मनाने एकाला आत घेतो. ते पाच सेकंद मी काढून टाकायला लावले. आता तो थांबूनच राहतो. "दिवसभर तसाच उभा राहील," वाल्तो म्हणाला. राहू दे, म्हणालो. या घरात आपोआप काही ठरायला नको.

काल, अठरा तारखेला, ती पुन्हा बसली. ओमा मी उघडून दिली; त्या चार ओळी आता यादीच करते, शब्द वाल्तोने तिच्याकडून दुसऱ्यांदा टंकवून घेऊन मला लिहून दिला आहे. तो शब्द काय आहे ते तुला माहीत आहे. मला तेरा वर्षांत कधीच अंदाज कसा आला नाही, हे माझे मला कळत नाही. तुझ्या जन्माच्या दिवशी मीही तिथे होतो.

तिने काल काही लिहिले नाही. तुझ्या बाजूनेही काही आले नाही. ती हात कळफलकावर ठेवून पाऊण तास बसली आणि मग म्हणाली, "आज ती मुलगी कामात असेल."

उरले ते एवढेच की बारा जूनला आई तुइरातल्या देखभालगृहात जाते. खोली लहान आहे, पण एक टेबल चालते म्हणाले, आणि त्यावर यंत्र ठेवायलाही हरकत नाही म्हणाले, मी लेखी घेतले आहे. नाताळात तू म्हणालीस ते बरोबर होते, 'बाबा, तुम्हांला एकट्याला जमणार नाही.' आणि मी काय म्हणालो ते मी इथे उद्धृत करणार नाही. बारा जूनपर्यंत तीन रविवार आहेत. मी त्या वेळी घरात राहणार नाही. बारा ते दीड मी नदीकाठी फिरायला जाईन; हवे तर वाल्तोला साक्षीदार ठेव. तू लिही, किंवा ये. तिला तू कोण ते कळेल, असे वचन मी देऊ शकत नाही. ती तुला कॉफी विचारेल, एवढे देऊ शकतो.

पडदे पुन्हा लावले आहेत.

उपाधी सगळ्या वर लिहून झाल्या. खाली लिहायला एकच उरते, आणि ती मी स्वतःहून लावून घ्यावी की नाही, ते तू ठरव.

बाबा

ता. क. बिनतारी कळफलक द्वारपालाला दिसत नाही. ओमा उघडल्यावरच तो जागा होतो. म्हणून यादीसाठी आईचा जुना तारेचा कळफलक लावावा लागतो, आणि त्यात दालचिनीच्या पावाचे इतके कण आहेत की वरचा बाण चालत नाही. खालचा चालतो. चुकून हात लागला की निवड खालच्या ओळीवर जाते आणि काही केल्या परत वर येत नाही. सगळे यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागते. मी सुई, वाफ आणि शिव्या हे तिन्ही उपाय करून पाहिले. दुकानदार म्हणतो नवीन घ्या, पण नव्यावर तिची बोटे बसत नाहीत, आणि तारेला जुने गोल टोक असलेला तसला कळफलक औलूत कुणाकडे नाही. देखभालगृहातल्या मुलींना हे कसे समजावून सांगायचे, ते मला अद्याप कळलेले नाही.